पाचवीच्या वर्गाला शाल-श्रीफळ

मुलुंड (पूर्व)
शाळा सुरू झाल्यानंतरचा दुसरा शनिवार

तीर्थरूप विद्याधर भाऊजी यांच्या चरणी सुनंदाचा नमस्कार (वाकून केला आहे असं समजावं, गुडघ्यांनी मे महिन्यापासून असहकार पुकारला आहे).

पत्र पाहून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. तुमच्या मोतीबिंदूचं कसं आहे, वहिनींची कंबर काय म्हणते, तुमच्या गंधालीचं नवं ऑफिस पवईला गेलं ते सोयीचं झालं की गैरसोयीचं, हे सगळं विचारायला फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर काहीही पाठवलं, अगदी माझी मावसबहीण गेल्याचं कळवलं, तरी तुमच्याकडून अंगठा येतो. प्रत्यक्ष यावं म्हटलं, तर मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये म्हणायला नुसतं जंगल आहे. बिबट्या एका फेरीत जाऊन येत असेल. आम्हां माणसांना मात्र सगळ्या शहराला वळसा घालावा लागतो, आणि पोचेपर्यंत काय सांगायला निघालो होतो तेच विसरायला होतं. म्हणून पत्र. तुमचे धाकटे बंधू ठीक आहेत. दिवसभर टीव्हीवर बातम्या बघतात आणि संध्याकाळी मला विचारतात, आज विशेष काय?

आता मुद्द्यावर येते. जे झालं त्याला तुम्ही जबाबदार आहात, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. गणपतीत तुमच्याकडे जेवताना मी सहज म्हणाले होते की आमच्या पाचवीच्या मुलांना वाचता येतं, पण कळत काही नाही. सहज बोललेलं ऐकून सोडून देणारे दीर माझ्या नशिबी नाहीत. तुम्ही पडलात निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. मोदक हातात तसाच धरून तुम्ही आकलनावर जे बोलायला लागलात, ते उत्तरपूजा झाली तरी चाललंच असतं. मूल कशाने विचार करतं, तर गूढाने. आणि सगळ्यांत मोठं गूढ कोणतं, तर हरवलेली नगरं, हा तुमचा सिद्धान्त. बुडालेली, वाळूत गाडलेली, शापाने पालथी पडलेली. पुढच्याच आठवड्यात तुमच्या मोत्यांसारख्या अक्षरात त्या गोष्टी लिहून आल्या. वहिनींनी सोबत उरलेले करंजी-लाडू पाठवले होते, तेवढेच मी त्या वेळी मनापासून स्वीकारले.

तरी मी त्या गोष्टी वर्गात नेल्या, त्याला कारण होतं. आमच्याकडे उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायची एक रीत आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तराच्या जागी ठेवायचं. पूर्ण मार्क. (ही रीत मुलांना कुणी शिकवली असं तुम्ही विचाराल. आम्हीच. परीक्षा जवळ आली की सगळ्याच शिकवतात.) मी एकदा वैतागून मुद्दाम उतारा लिहिला: 'खुरप्या टमकाने निळ्या भसक्यात सकाळी गचकणी केली.' प्रश्न, खुरप्या टमकाने गचकणी कशात केली? सगळ्या वर्गाने लिहिलं, निळ्या भसक्यात. एकानेही विचारलं नाही की बाई, हे काय आहे. मुख्याध्यापिकाबाईंना दाखवलं तर त्या वह्या चाळून म्हणाल्या, प्रगती आहे.

दुसरं कारण याहून मोठं होतं. संस्थेचे कार्यवाह देवव्रतसाहेब जूनमध्येच सांगून गेले होते की मराठी विभागाने स्वतःला सिद्ध करावं. डिसेंबरात बाहेरची माणसं येऊन सगळ्या विभागांच्या पाचवीची वाचन-आकलनाची चाचणी घेतील, आणि ज्या विभागाचं आकलन चांगलं, त्याला भवितव्य आहे. शब्द त्यांचे, मी एकही पदरचा घातलेला नाही. (इंग्रजी विभाग पुढच्या नव्या इमारतीत आहे, काचेच्या दाराच्या आत. आम्ही मागच्या जुन्या जिन्याने वर, जिथे पंखा आहे आणि पंख्याला मूड आहे.) म्हणजे माझी मुलं समजून वाचायला लागली तर वर्ग टिकणार होता, नाहीतर नाही. इतकी साधी अट होती, आणि मी ती खरी मानली.

पहिल्यांदा द्वारका घेतली. समुद्राने नगरी पोटात घेतली, वगैरे तुम्ही फार सुंदर लिहिलं आहे. मी शेवटी विचारलं, द्वारका का बुडाली? वर्ग उताऱ्यात 'बुडाली' शोधू लागला. मी उतारा काढून घेतला. अशी शांतता पसरली की खालच्या वडापाववाल्याचं तेल ऐकू यायला लागलं. मग हळूहळू सुरुवात झाली. एक म्हणाली, नाले साफ केले नसतील. एक म्हणाला, भरतीच्या वेळी पंप बंद असणार. मिहिर म्हणून एक आहे, त्याची बिल्डिंग पुनर्विकासात गेली आणि घरचे कांजूरला भाड्याच्या खोलीत राहतात. तो उभा राहून गंभीरपणे म्हणाला, बाई, सगळ्यांना पर्यायी जागा दिली होती का, आणि भाडं वेळेवर यायचं का? भाऊजी, यादवांचं भाडं वेळेवर यायचं का, याचं उत्तर तुमच्या उताऱ्यात नव्हतं. पण पोरं पहिल्यांदा कागदाच्या बाहेर आली होती. मला त्या दिवशी घरी जाताना उगाचच हसू येत होतं.

पुढची पालथी नगरी. साधूला कुणी भिक्षा घातली नाही, त्याने वाटी उपडी केली आणि नगर पालथं पडलं. ही गोष्ट दिवाळीच्या आधी घेतली ही माझी चूक. आमच्या वर्गातला निलेश सुट्टीत घरी एकटा असताना दारात एक भगव्या कफनीतला माणूस आला. निलेशने जिन्यातून वर-खाली पाहिलं (पंधरा मजले, पालथी पडली तर काय होईल याचा अंदाज घेतला असावा), आणि आईने फराळाचा भरून ठेवलेला सगळाच्या सगळा डबा त्याच्या झोळीत घातला. चकल्या, चिवडा, अनारसे, डब्यासकट. सुट्टी संपल्यावर आई शाळेत हजर. ओ बाई, काय शिकवता काय पोरांना? अनारसे होते ते! तुम्हांला माहिती आहे का अनारश्याला किती मरमर असते? मला माहिती होतं, म्हणून मी घरचे अनारसे आणून दिले. तिने एक मोडून पाहिला, जाळी कशी पडली आहे ते तपासलं, आणि चालू लागली. तो अपमान मी अजून विसरलेली नाही.

तुम्हांला आता अबोलीबद्दल सांगते. अबोली साळवे. बारीक चणीची, दोन वेण्या, आई मालन भांडुपला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते, वडील आकाश विजेच्या मीटरची कामं घेतात. नाव अबोली असलं तरी माझ्या वर्गात इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तुमची ती वाळूत गेलेल्या नगराची गोष्ट आहे ना, राजा मोठा उत्सव मांडतो आणि उत्सवाच्या रात्रीच वादळ येतं, ती वाचून झाली. मी विचारलं, राजाने उत्सव का मांडला असेल? कुणी म्हणालं हौस, कुणी म्हणालं वाढदिवस. अबोली म्हणाली, बाई, राजाला माहिती होतं. मी म्हटलं, कशावरून? म्हणाली, उत्सवाच्या आधी उंट रिकामे परत आले असं लिहिलंय. मग ते जाताना काय घेऊन गेले होते? राजाचं सामान गेलं असणार ना आधीच. भाऊजी, उंटांचा तो तपशील तुम्ही लिहिलात, मी मोठ्याने वाचला, आणि आपल्या दोघांच्याही तो नजरेतून सुटला होता. (की तुम्ही मुद्दाम घातला होता? घातला असेल तर कबूल करू नका, मला वाईट वाटेल.) मी तिला वर्गासमोर शाबासकी दिली आणि सगळ्यांना सांगितलं की वाचन याला म्हणतात, जे लिहिलं आहे त्यावरून जे लिहिलेलं नाही ते ओळखायचं. हे वाक्य पुढे माझ्या गळ्याशी येणार आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

डिसेंबरात चाचणी झाली. पवईहून अपूर्वा नावाची एक तरतरीत मुलगी टॅब घेऊन आली. दोन दिवस मुलांना उतारे देत होती, प्रश्न विचारत होती आणि मधून मधून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. निकाल लागला. सगळ्या विभागांत आमची पाचवी पहिली. काचेच्या दाराआतल्या मुलांनी इंग्रजीतून छान उच्चारात वाक्यंच्या वाक्यं उतरवून दिली होती, आमच्यांनी विचार केला होता. अपूर्वा म्हणाली, मॅडम, झकास, मी असं कुठेच बघितलं नाही. मी शाळेत पेढे वाटले. इंग्रजी विभागातसुद्धा नेऊन दिले, तिथल्या एकीने पेपर नॅपकिनवर घेतला. घरी आले तर तुमच्या भावाने विचारलं, आज विशेष काय? मी म्हटलं, वर्ग वाचला. ते म्हणाले, कुठला चॅनल?

मग जानेवारीत बक्षीस समारंभ. देवव्रतसाहेब सिल्कचा कुर्ता घालून आले आणि मराठी विभागावर असं बोलले की माझ्यासुद्धा डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, मराठी विभाग हा या संस्थेचा आत्मा आहे. (आत्म्याचा विषय माणसं कधी काढतात हे आपल्या वयाला ठाऊक असायला हवं. पण मी टाळ्या वाजवत होते.) आणि त्यांनी जाहीर केलं की चाचणीतल्या यशाबद्दल संस्था पाचवीच्या अख्ख्या वर्गाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते आहे. वर्गाच्या वतीने अबोलीला वर बोलावलं. शाल तिच्या पायांपर्यंत आली, नारळ तिला दोन्ही हातांत मावेना. आम्हां शिक्षिकांनाही एकेक शाल मिळाली. खरं सांगते, मी त्या वेळी शालीचा काठ चाचपून ती पुढे कुणाला देता येईल याचा विचार करत होते. तुम्हांला गेल्या वर्षी दिली ती अशीच आली होती, आता सांगायला हरकत नाही.

देवव्रतसाहेबांनी माइक अबोलीच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, बोल बाळ, कसं वाटतंय? अबोली म्हणाली, "सर, शाल-नारळ जाणाऱ्याला देतात ना? शिपाई धोंडिराममामांना दिला, दुसऱ्या दिवसापासून ते नव्हते. मग आमचा वर्ग कुठे जाणार?"

आधी सगळे हसले. पालकांनी टाळ्या वाजवल्या, काय गोड पोरगी म्हणून. मीही हसले, हे लिहिताना माझा मलाच राग येतो आहे. हसले नाहीत फक्त देवव्रतसाहेब. ते म्हणाले, फार छान प्रश्न, आणि संगीताच्या सरांकडे बघून मान हलवली. सरांनी पेटीवर राष्ट्रगीत सुरू केलं. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या आधी अजून आभारप्रदर्शन होतं, पण राष्ट्रगीत लागलं म्हटल्यावर काय, सगळं सभागृह ताडकन उभं राहिलं. आणि भाऊजी, ते राष्ट्रगीत चालू असताना, एकाही माणसाला हलता येत नाही, बोलता येत नाही, शेजारच्याला कोपर मारता येत नाही, अशा अवस्थेत एकेकाच्या डोक्यात तो प्रश्न शिरायला लागला. मला समोर मालन दिसत होती. तिचा चेहरा आधी हसरा होता, मग विचारात पडला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत पांढरा झाला. स्टेजवर ती मुलगी शालीत गुंडाळलेली, नारळ पोटाशी धरून सरळ उभी होती. तिला उत्तर मिळालं होतं. तिला माझ्याच शिकवणीने मिळालं होतं.

पुढे जे झालं ते तुम्ही इतकी वर्षं खात्यात होतात, तुम्हांला नवीन नाही. पालक जिन्यात गोळा झाले. देवव्रतसाहेब म्हणाले, बंद कोण म्हणतंय, समायोजन आहे. ज्यांना हवं त्यांनी इंग्रजी विभागात यावं, उन्हाळ्यात सेतू वर्ग घेऊ. ज्यांना मराठीच हवं त्यांच्यासाठी भांडुपच्या एका शाळेशी बोलणी झालेली आहेत. निर्णय म्हणे गेल्या मे महिन्यातच झाला होता. म्हणजे जूनमध्ये आम्हांला सिद्ध व्हायला सांगितलं, तेव्हा सगळं ठरलेलं होतं. मालन पुढे होऊन म्हणाली, "साहेब, सरळ बोला ना. बंद करताय ना? मग बंद म्हणा. पोरीला कळलं, आम्हांला कळणार नाही का?" मला वाटलं, आता पेटतंय. मी त्या रात्री निवेदन लिहिलं, सह्या घ्यायच्या म्हणून.

पेटलं काही नाही. सोमवारी काचेच्या दाराबाहेर प्रवेश अर्जासाठी रांग लागली होती. निलेशची आई होती, मिहिरचे वडील होते. मालनही होती. मी माझे कागद घेऊन रांगेशेजारी उभी राहिले तेव्हा सगळे चपलांकडे बघायला लागले. माझा संताप झाला. मराठी शाळा टिकली पाहिजे म्हणून गुढीपाडव्याला शोभायात्रेत लेझीम खेळणारी हीच माणसं. मी मालनला म्हटलं, तू पण? ती म्हणाली, "रागावू नका बाई. भांडुपची शाळा पण दोन वर्षांनी हेच करणार. मग पोरीला दोनदा उपटू का? एकदाच काय ते होऊ दे." मी माझ्या कागदांवर पहिली सही माझीच केली होती. ती पहिली आणि शेवटची ठरली.

मी मात्र देवव्रतसाहेबांना स्वच्छ सुनावलं. म्हटलं, साहेब, मी घरी बसून चकल्या विकीन, पण त्या काचेच्या दाराआत पाऊल टाकणार नाही. ज्यांनी मुलांना समजायला शिकवलं त्यांना तुम्ही घालवता, आणि ज्यांनी उतरवून काढायला शिकवलं त्यांना एसी देता. माणसाला थोडी तरी चाड असावी. असं सगळं बोलले. (ते तेव्हा गाडीत बसून निघून गेलेले होते, पण मी जिन्यात मोठ्याने बोलले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ते ऐकलं आहे.)

असो. तुमच्या त्या गोष्टींनी माझा वर्ग वाचला नाही, पण वर्ग जातो आहे हे वर्गाला सगळ्यांत आधी कळलं, एवढं श्रेय तुम्हांला देते. तुमच्या सिद्धान्तात ही सोय होती का ते कळवा. वहिनींना नमस्कार, गंधालीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही शिल्लक राहिला तर तसं पोस्टाने कळवावं, अंगठा पाठवू नये.

आपली,
सुनंदा

ता. क. हे पत्र मी इंग्रजी विभागाच्या स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे. इथे एसी आहे, आणि कॉफीचं यंत्र आहे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत, भांडुपच्या शाळेचे जिने माझ्या गुडघ्यांना झेपणारे नाहीत, आणि तुमचे बंधू म्हणाले, चकल्या कोण विकत घेणार? मला इथे सगळी मुलं मॅम म्हणतात. तुम्ही काही म्हणू नये ही विनंती.

आणखी एक. देवव्रतसाहेबांना चाचणीचा निकाल फार आवडला आहे. वर्ग नको, पण पद्धत हवी. तुमची हरवलेली नगरं आता इंग्रजी विभागात उपक्रम म्हणून येणार, रंगीत चित्रांसह. तुमची परवानगी लागते म्हणाले. मी तुमच्या वतीने हो सांगून टाकलं आहे. मागच्या पानावर तुमचं नाव घालतील.

आता खरं काम, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. गोष्टींचं इंग्रजी गंधाली करून देईल असं तुम्ही म्हणाल. तिला देऊ नका, ती ऑफिसातलं इंग्रजी लिहिते. तुम्ही स्वतः लिहा, आणि द्वारका सगळ्यांत आधी. अगदी लहान लहान वाक्यं, घरात बोलतात तसे शब्द. अबोली माझ्याच वर्गात आहे. परवा मी तीच गोष्ट माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली आणि शेवटी विचारलं, एनी क्वेश्चन्स? तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, मग शेजारच्या मुलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेऊन हळूच मराठीत विचारलं, काय गं, काय विचारायचं होतं? म्हणाली, "काही नाही, बाई." मग मागे कुणी ऐकलं का ते पाहिलं, आणि म्हणाली, "मॅम." काल पालकसभेत देवव्रतसाहेब मालनला सांगत होते की मुलगी अगदी छान रुळली आहे, अजिबात त्रास नाही.